मधुचंद्राची शहरे : निवड कोणाची?

(थ्रेड)

१/
इतिहास शिकणाऱ्या मुलीला घरात साधारणतः दोनच प्रश्न विचारले जातात : नोकरी कधी लागणार, आणि अमुक किल्ला कोणी बांधला. गेल्या महिन्यात मला तिसरा प्रश्न विचारला गेला. माझ्या चुलतबहिणीचे, म्हणजे आमच्या ताईचे, लग्न ठरले आहे. तिने विचारले, "तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, हनिमूनला पॅरिस बरे की व्हेनिस?" मी उत्तर द्यायच्या आतच कोपऱ्यात बसलेल्या आजीने विचारले, "पण हे ठरवलं कोणी?"

२/
आजीचा प्रश्न निरर्थक नव्हता. आमचे घर न्हावा शेव्याच्या परिसरातले, आगरी. या सहलीचा खर्च ज्या पैशातून होणार आहे तो साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडाचा हिस्सा आहे, आणि तो भूखंड ज्या भातशेतीच्या बदल्यात मिळाला तिच्यात आजीने तीस वर्षे चिखलणी आणि लावणी केली. शिवाय सहल 'ठरवली' होती ती होणाऱ्या दिरांनी आणि आमच्या काकांनी, फोनवर. ताईला फक्त दोन शहरांची नावे कळली होती. म्हणून हा थ्रेड दोन प्रश्नांचा आहे : एखादे शहर 'रोमँटिक' होते कसे, आणि ते निवडण्याचा अधिकार कोणाला, कधी मिळाला?

३/
सुरुवात घराजवळून करू. न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर घारापुरीचे बेट दिसते. तिथल्या मुख्य लेण्यात, सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेले शिवपार्वतीच्या विवाहाचे शिल्प आहे. अभ्यासक त्याला 'कल्याणसुंदर' म्हणतात. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला, किंचित मान झुकवून उभी आहे. तिच्या मागे तिला पुढे आणणारा पिता आहे. ब्रह्मदेव पौरोहित्य करतो आहे. आणि एका बाजूला हातात कलश घेतलेला, मस्तकामागे चंद्रकोर असलेला एक पुरुष आहे. तो चंद्र मानला जातो. विवाहाला अमृतकलश घेऊन आलेला चंद्र! 'मधुचंद्र' या शब्दासाठी याहून सुंदर चित्र सापडणे कठीण. पण त्या शब्दाचा जन्म मात्र घारापुरीत झाला नाही.

४/
'मधुचंद्र' हा 'हनिमून'चा शब्दशः केलेला मराठी अवतार. मूळ इंग्रजी शब्द छापील रूपात १५४६ सालच्या जॉन हेवुडच्या म्हणींच्या संग्रहात आढळतो. त्याचा तेव्हाचा अर्थ ऐकून नवविवाहितांनी रागावू नये : नवे प्रेम मधासारखे गोड असते, पण पौर्णिमेच्या चंद्राप्रमाणे ते लगेच उतरणीला लागते, असा त्यात टोमणा होता. महिनाभर मधाचे मद्य पिण्याच्या प्रथेवरून हा शब्द आला, ही कथा समाजमाध्यमांवर फार फिरते. तिला भक्कम आधार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या शब्दात त्या काळी प्रवास नव्हताच. तो काळाचा शब्द होता, स्थळाचा नव्हता.

५/
प्रवास त्यात शिरला तो फार नंतर, आणि तोही एकट्या जोडप्याचा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधील सधन नवविवाहित 'ब्रायडल टूर'वर निघू लागले : जे आप्त लग्नाला येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी भेटी देत फिरायचे, आणि पुष्कळदा सोबत वधूची बहीण किंवा मैत्रीणही असायची. आपल्याकडे 'हे पाश्चात्त्य थेर' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. मधुचंद्राचा प्रवास मुळात नातेवाइकांकडे जेवायला जाण्याचाच प्रवास होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, खोल्या भाड्याने देणारी हॉटेले वाढली, आणि हळूहळू जोडपे एकटे निघू लागले.

६/
आता शहरांकडे वळू. ताईच्या यादीतले पहिले नाव व्हेनिस. हे शहर आज गोंडोला, कालवे आणि चांदणे यांचे समानार्थी झाले आहे. परंतु मध्ययुगात व्हेनिस म्हणजे त्या काळचे न्हावा शेवाच होते. मिरी, दालचिनी, रेशीम असा पूर्वेकडचा माल अलेक्झांड्रियामार्गे तिथे उतरत असे. 'आर्सेनाले' नावाच्या तिथल्या सरकारी गोदीत हजारो कामगार जहाजे बांधत. डांबर, दोरखंड आणि घाम यांच्या वासाच्या त्या शहराला प्रेमाचे शहर म्हणण्याची कल्पना कोणाच्या मनात आली नसती. धंद्यात असलेले बंदर सहसा कोणाला रोमँटिक वाटत नाही. आमच्या दारातून रात्रंदिवस जाणारे कंटेनरचे ट्रेलर पाहून कोणी कविता लिहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

७/
१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि पुढच्या शतकांत मसाल्याच्या व्यापाराचे वजन हळूहळू अटलांटिककडे सरकले. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक संपवले. त्यानंतर तिथे बहुतेक काळ ऑस्ट्रियाची सत्ता होती. व्यापार गेला, सत्ता गेली, वाडे ओस पडले. आणि नेमके तेव्हाच, १८१६ मध्ये, इंग्रज कवी लॉर्ड बायरन तिथे राहायला आला. पडझड झालेल्या वैभवाचे जे आकर्षण त्या पिढीतल्या कवींना होते, ते व्हेनिसला चिकटले. १८४६ मध्ये रेल्वेचा पूल शहराला मुख्य भूमीशी जोडता झाला आणि कवींच्या मागोमाग प्रवासी आले. म्हणजे व्हेनिस रोमँटिक झाले ते बंदर म्हणून हरल्यावर.

८/
याचे सर्वांत बोलके उदाहरण 'उसाशांचा पूल'. गोंडोलातून त्याखाली सूर्यास्ताला चुंबन घेतले की प्रेम अमर होते, असे आज मार्गदर्शक सांगतात. प्रत्यक्षात सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा पूल डोजच्या राजवाड्यातील न्यायदालनांना तुरुंगाशी जोडतो. त्यावरून कैदी जात. त्या उसाशांना बायरनच्या १८१८ सालच्या कवितेने जगभर प्रसिद्धी दिली, आणि कालांतराने कैद्यांचे उसासे प्रेमिकांचे झाले. शेजारच्या व्हेरोना शहरातील 'ज्युलिएटचा सज्जा' तर त्याहून नवा आहे. शेक्सपिअरच्या नायिकेचे घर म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जुन्या वास्तूला तो १९३०च्या दशकातील डागडुजीत जोडण्यात आला.

९/
दुसरे नाव पॅरिस. आज आपण ज्या रुंद, झाडांच्या रांगा असलेल्या रस्त्यांवर छायाचित्रे काढतो ते रस्ते १८५३ ते १८७० या काळात बॅरन ओस्मान या प्रशासकाने तिसऱ्या नेपोलियनच्या आदेशाने आखले. त्यासाठी जुन्या वस्त्यांतली हजारो घरे पाडण्यात आली. गरीब रहिवासी शहराच्या कडेला ढकलले गेले. आयफेल मनोरा १८८९च्या प्रदर्शनासाठी केवळ वीस वर्षांच्या परवानगीवर उभारला होता. बिनतारी संदेशवहनासाठी उपयोगी ठरला म्हणून वाचला. प्रेमाचे शहर पाडकामातून आणि विस्थापनातून घडले, हे वाचून मी क्षणभर थांबले, कारण ती गोष्ट मला ओळखीची होती.

१०/
न्हावा शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यासाठी शेवा गाव उठवले गेले. तिथल्या कोळी कुटुंबांचे उरणजवळ पुनर्वसन झाले आणि त्या नव्या वस्तीला वाळवी लागली. घरे पोखरली गेली. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याकरिता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा हे त्या लढ्याचे फलित. ताईच्या विमानाच्या तिकिटामागे हा सारा इतिहास उभा आहे. मी तो तिला अपराधी वाटावे म्हणून सांगितला नाही; पैसा कुठून आला हे ठाऊक असलेले बरे, एवढ्यासाठी सांगितला.

११/
शहरे कशी घडली ते पाहिले. आता निवडणारे जोडपे कसे घडले ते पाहू. आपल्याकडे लग्नानंतरचा पहिला प्रवास पूर्वीपासून होता, पण तो देवाचा होता. जेजुरीला नवरा नवरीला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढतो, ही प्रथा आजही टिकून आहे. आम्हा आगरी-कोळ्यांची वाट कार्ल्याच्या एकवीरेकडे जाते. आजीही लग्नानंतर तिथेच गेली होती, ट्रकमध्ये बसून, चाळीस माणसांसोबत. "नवऱ्याशी बोललीस का वाटेत?" असे मी विचारले. ती म्हणाली, "कोंबडं सांभाळत होते मी." स्थळ कुळाने ठरवलेले, सोबत कुळाची. ब्रिटनच्या 'ब्रायडल टूर'पेक्षा हे फार वेगळे नव्हते.

१२/
फरक होता तो वयात. एकोणिसाव्या शतकात लग्नाच्या वेळी मुलगी बहुधा आठ-दहा वर्षांची असे. तिला सहचारिणी म्हणून काही निवडता येणे दूरच, 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचाही प्रसंग नव्हता. मधुचंद्र या कल्पनेला किमान दोन प्रौढ माणसे लागतात, आणि ती दोन माणसे कायद्याने आणि समाजाने मान्य करायला आपल्याकडे शंभर वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याचे एक मोठे पर्व मुंबईच्या उच्च न्यायालयात घडले.

१३/
रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या आणि मोठ्या झाल्यावर सासरी जायला त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. तुरुंग पत्करण्याची त्यांनी तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढल्याच वर्षी त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. नको असलेल्या लग्नाला नकार देऊन परदेश पाहणारी ही मराठी स्त्री, माझ्या मते, या थ्रेडमधली सर्वांत महत्त्वाची प्रवासी आहे.

१४/
या वादळानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. वय दहावरून बारा झाले आणि त्यावरूनही महाराष्ट्रात रण माजले. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. आजचे १८ आणि २१ हे आकडे १९७८च्या दुरुस्तीतून आले. ही आकडेवारी रुक्ष वाटेल. पण 'आपण कुठे जाऊ या?' हे वाक्य एका माणसाने दुसऱ्याला विचारण्याच्या शक्यतेचा हा कालक्रम आहे.

१५/
दरम्यान समुद्राचा अडथळाही होता. समुद्रोल्लंघन केले तर जात जाते आणि परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, अशी समजूत उच्चवर्णीयांत दृढ होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोप एकदम जवळ आला. १८८०च्या दशकात थॉमस कुक कंपनीचे कार्यालय मुंबईत होते. पण जाणारे कोण? शिकायला जाणारे तरुण, खटले लढवणारे वकील आणि संस्थानिक. पत्नी सोबत नेण्याची ऐपत आणि मोकळीक मुख्यतः शेवटच्या वर्गाला होती.

१६/
अशा मराठी संस्थानिक दांपत्यांत इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) आणि कागलच्या घराण्यातील संयोगितादेवी यांची जोडी विलक्षण होती. १९३०च्या सुमारास मान रे या विख्यात छायाचित्रकाराने फ्रान्समध्ये टिपलेली त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. तरुण, हसरे, एकमेकांच्या खांद्यावर रेलून बसलेले हे राजाराणी दरबारी चित्रांतल्या राजाराण्यांसारखे मुळीच दिसत नाहीत. पतिपत्नीने एकमेकांकडे पाहत छायाचित्र काढून घेणे हीच तेव्हा क्रांती होती. दुर्दैवाने १९३७ मध्ये, ऐन तारुण्यात, संयोगितादेवींचा स्वित्झर्लंडमध्ये मृत्यू झाला.

१७/
सामान्य मराठी जोडप्याचा मधुचंद्र मात्र इंग्रजांनी वसवलेल्या गिरिस्थानांवर सुरू झाला. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी 'शोधले' (म्हणजे साहेबाने पाहिले, ठाकर-धनगरांना ते ठाऊकच होते) आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली. महाबळेश्वर त्याहून जुने. पण गिरगाव-लालबागच्या चाळीतले जोडपे तिथे केवळ थंड हवेसाठी जात नव्हते. एका खोलीत आठ माणसे राहत असताना नवविवाहितांना बोलायलाही जागा नसे. १९७० सालच्या 'मुंबईचा जावई' या चित्रपटाचा विषय हाच आहे. माथेरानचे चार दिवस म्हणजे दार लावता येणारी खोली. मधुचंद्रातला 'रोमान्स' निसर्गात नव्हता, कडीत होता.

१८/
मग परदेशाची ओढ कुठून लागली? ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडियाचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. पण बहुसंख्यांना युरोप दिसला तो पडद्यावर. १९६४ मध्ये राज कपूर यांचा 'संगम' आला. त्यात नवविवाहित जोडपे मधुचंद्राला रोम, व्हेनिस, पॅरिस, स्वित्झर्लंड असे फिरते. १९६६ मध्ये 'लव्ह इन टोकियो', १९६७ मध्ये 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस'. आपल्या मनातली 'रोमँटिक शहरांची' यादी बायरनने सुरू केली असेल, पण आपल्यापर्यंत ती पोहोचवली ईस्टमनकलरने. गंमत म्हणजे 'संगम'मध्येही जोडपे एकटे राहत नाही. नायक आपल्या मित्राला तिकडेही बोलावून घेतो!

१९/
पडद्यावर दिसणारा हा युरोप प्रत्यक्षात जवळपास बंद होता. परकीय चलनाची टंचाई इतकी होती की त्या काळी परदेशी जाणाऱ्या सामान्य प्रवाशाच्या खिशात जेमतेम तीन पौंड असत. तिकीट काढायलाही रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर व्हावा लागे. पासपोर्ट देणे ही सरकारची मर्जी होती. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सॉहनी खटल्यात निकाल दिला की परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस' आणि हा निकाल एकाच वर्षातले. एकाने स्वप्न दाखवले, दुसऱ्याने दार किलकिले केले.

२०/
दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९९१ नंतर. ऑगस्ट १९९४ मध्ये रुपया चालू खात्यावर परिवर्तनीय झाला. २००० मध्ये 'फेरा' जाऊन 'फेमा' लागू झाला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची योजना आणली, आणि २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. तिकडे मार्च १९९५ मध्ये शेंगेन करार अमलात आला आणि युरोपातील अनेक देशांना एकच व्हिसा पुरू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' प्रदर्शित झाला. त्या पिढीच्या मनात स्वित्झर्लंड का बसले, हे आता निराळे सांगायला नको.

२१/
मराठी माणसाला बोट धरून तिकडे नेले ते मराठी पर्यटन कंपन्यांनी. केसरीभाऊ पाटील यांनी १९८४ मध्ये 'केसरी'ची स्थापना केली; पुढे वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड' काढली. वरणभात, मराठी बोलणारा सहलव्यवस्थापक आणि सोबतीला आपली माणसे, ही त्यांची खुबी. अशा कंपन्यांनी नवविवाहितांसाठी खास गटसहलीही काढल्या : एका बसमध्ये पंधरावीस जोडपी, सगळ्यांच्या हातात हिरवा चुडा! कोणी याला हसेल. मला मात्र त्यात एकवीरेचा ट्रक आणि 'ब्रायडल टूर' दोन्ही दिसतात. एकटेपणाची हौस आणि एकटेपणाची भीती या दोहोंना सांभाळणारा तो आपला तोडगा आहे.

२२/
एका स्थळाची आठवण इथे करायलाच हवी. मॉरिशस हे मराठी जोडप्यांचे आवडते बेट. पण तिथे जाणारी पहिली मराठी माणसे मधुचंद्राला गेली नव्हती. १८३४ पासून भारतातून जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांत मुंबईहून गेलेले कोकणातले मराठी मजूरही होते. तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव साजरा करतात. समुद्रकिनाऱ्यावरून अर्धा दिवस काढून त्या पायऱ्या पाहून याव्यात. कोणी चार दिवस सुखाचे घालवायला येतो, कोणी पाच वर्षांच्या करारावर; धक्का एकच असतो.

२३/
आणि आजची स्थिती? १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. घरे पर्यटकांना भाड्याने जातात, रहिवासी मुख्य भूमीवर. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. पॅरिसच्या 'पाँ दे झार' पुलावर प्रेमिकांनी लावलेल्या कुलुपांच्या वजनाने २०१४ मध्ये कठड्याचा भाग कोसळला. पुढच्या वर्षी ती कुलुपे, सुमारे ४५ टन, काढण्यात आली. शेवा गाव बंदरासाठी उठले. व्हेनिस आपल्यासारख्यांसाठी उठते आहे.

२४/
मग जाऊच नये का? माझे मत तसे नाही. ताईला मी दिलेले उत्तर इथेही देते, कदाचित तुमच्याही उपयोगी पडेल. एक, पाच शहरे सात दिवसांत करू नका; एक शहर घ्या आणि तिथेच मुक्काम करा. व्हेनिसला रात्री थांबणाऱ्याला ते शुल्कही नाही, आणि सायंकाळी गर्दी ओसरली की शहर पुन्हा शहर होते. दोन, यादीतले प्रत्येक नाव कोणी घातले ते विचारा : कवीने, चित्रपटाने, कंपनीने, की तुम्ही? तीन, एक सकाळ त्या शहराच्या कामाच्या जागेला द्या. व्हेनिसमध्ये आर्सेनाले पाहा, तिथला मासळीबाजार पाहा. आणि चार, जे ठरवाल ते दोघांनी बसून ठरवा. हा चौथा मुद्दा इतिहासाने फार महाग विकत घेतलेला आहे.

२५/
परवा ताई आणि तिचे होणारे यजमान आमच्याकडे आले. दोघांनी काकांसमोर बसून सांगितले की आधीचे पॅकेज नको. एकच शहर, व्हेनिस, सहा रात्री. काका थोडे रागावले. दीर, असे कळते, अजूनही रागावलेले आहेत. ताईचा पासपोर्ट गेल्या आठवड्यात आला. आमच्या घरातल्या बाईचा तो पहिला. त्यावर तिचे माहेरचे नाव आहे आणि ते बदलणे कायद्याने सक्तीचे नाही, हेही तिने यजमानांना त्याच बैठकीत सांगून टाकले.

२६/
आजीने पासपोर्ट हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला. मग विचारले, "तिथं काय आहे बघायला?" मी म्हटले, "जुने बंदर आहे, आजी. आता तिथे पूर्वीसारखी मालाची जहाजे लागत नाहीत." ती म्हणाली, "मग लोकं करतात काय तिथली?" याचे उत्तर मी ताईवर सोपवले आहे. परत आल्यावर आजीला ते सांगायचे, ही एकच अट. पैसे तिच्या शेताचे आहेत, तेवढा तिचा हक्क आहे.

(समाप्त)

तुमच्या घरात लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाच्या कोणत्या आठवणी आहेत? आजीआजोबांना विचारा आणि खाली लिहा. स्थळ कोणते होते याबरोबरच ते ठरवले कोणी, हेही अवश्य विचारा.